झाडं लावण्याआधी माळ बघा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं आणि यवत, पाटस मागे पडलं, की उसाच्या फडांमधून अधूनमधून पिवळट, खडकाळ, लांबच लांब माळ दिसू लागतो. गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "केवढी जमीन नुसती पडून आहे!" सरकारदफ्तरीही अशा जमिनीला बहुतेक वेळा 'पडीक' याच सदरात बसवलेलं असतं. पाऊसपाणी कमी, माती वीतभर, झाड एखाद-दुसरं, तेही बोराचं नाहीतर हिवराचं. त्यामुळे इथे बघण्यासारखं काही असेल, अशी शंकाही कुणाला येत नाही.

आपल्याकडे वन्यजीव बघायचे म्हणजे ताडोबाला जायचं, जिप्सी ठरवायची आणि वाघ दिसला तर धन्य व्हायचं. त्यात गैर काही नाही. पण त्या दोन-तीन दिवसांत माणूस जंगल शिकत नाही, जंगल पाहून येतो. शिकायचं असेल तर घरापासून तासाभरात पोचता येईल, पुन्हापुन्हा जाता येईल आणि खिशाला परवडेल अशी जागा लागते. पुणे, सातारा, अहिल्यानगर, सोलापूर, सांगली, बीड, धाराशिव या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी ती जागा म्हणजे माळरान. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा, काळवीट, धाविक, पखुर्डी, चंडोल ही सगळी मंडळी तिथे आहेत. यातली बरीचशी दाट झाडीत राहूच शकत नाहीत. म्हणून हा लेख माळाबद्दल आहे, आणि तो वाचून तुम्ही पुढच्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला जरा बिचकलात तर मला आनंदच होईल.

कुठला माळ, कुठल्या महिन्यात

आधी एकच माळ निवडा. पन्नास ठिकाणं एकेकदा बघण्यापेक्षा एकच ठिकाण पन्नासदा बघणाऱ्याला जास्त कळतं. जमीन कुणाची आहे ते मात्र विचारून घ्या. गायरान असेल तर गावात कल्पना देऊन फिरायला सहसा कुणाची हरकत नसते, खाजगी असेल तर मालकाला विचारावं, वनखात्याची असेल तर वनरक्षकाला भेटून परवानगी काढावी. वनरक्षकाची ओळख पुढे फार उपयोगी पडते.

ओळखीचा माळ नसेल तर सुरुवात ठरलेल्या जागांपासून करा. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी हे काळविटांचं अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे, पण काळवीट जवळून बघायला याहून सोपी जागा नाही. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी. सोलापूरजवळचं नान्नज माळढोकासाठी प्रसिद्ध झालं. आता तिथे माळढोक दिसणं ही नशिबाचीच गोष्ट, पण काळवीट आणि लांडगे आहेत. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामतीजवळचं शिर्सुफळ इथे वनखात्याने २०२४ पासून गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. स्थानिक वाटाड्या सोबत असतो, त्यामुळे पहिल्या फेरीला ती बरी. कोकण-गोव्यातल्या वाचकांनी माळाऐवजी जांभ्याचा सडा धरावा. त्यावरची झाडं, फुलं, जीव वेगळे, पण 'नापीक' म्हणून त्याच्याही कपाळी तेच लिहिलेलं आहे.

माळाला चार नव्हे, निदान सहा चेहरे असतात. मृगाचा पहिला पाऊस झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लालभडक मखमली मृगाचे किडे जमिनीवर रांगू लागतात. वर्षभर ते मातीत असतात, दिसतात थोडेच दिवस, तेव्हा ही तारीख चुकवू नका. जुलै-ऑगस्टात गवत गुडघ्याला लागतं, नाकतोडे वाढतात आणि विदर्भात, अकोला-वाशीमकडच्या गवतात, तणमोर या पक्ष्याचा नर मादीसाठी गवताच्या वर उड्या मारू लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबर फुलांचे. थंडीत भोवत्या येतात. मध्य आशियाकडून उडत आलेले हे शिकारी पक्षी दिवसभर गवतालगत, कमी उंचीवरून, अगदी सावकाश घिरट्या घालतात आणि रात्री झाडावर नव्हे, उंच गवतात जमिनीवरच थव्याने झोपतात. फेब्रुवारीनंतर गवत वाळून बसतं, लांबवरचं दिसू लागतं, आणि चंडोल, टिटव्या, धाविक जमिनीवर अंडी घालायला लागतात. मे महिन्यात माळ मेल्यासारखा वाटतो. तेव्हाही सकाळी सहाला जाऊन बघा.

वेळ सकाळचीच. ऊन चढलं की हवा थरथरते, दुर्बिणीतून सगळं पाण्यातल्यासारखं दिसतं आणि जनावरं बोराखाली जाऊन बसतात.

सोबत काय घ्यावं

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची. दहापट मोठं दाखवणारी घेऊ नका, नवख्याच्या हातात ती हलते. कॅमेरा नसला तरी चालेल. सुरुवातीला नसलेलाच बरा, कारण कॅमेरा हातात आला की माणूस पक्षी बघत नाही, फोटो बघतो. खिशात मावणारी वही आणि पेन्सिल, मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, भरपूर पाणी. पायात घोट्यापर्यंत येणारे, वर जाळी नसलेले बूट. जाळीदार खेळाच्या बुटांनी ऑक्टोबरनंतर माळावर जाऊ नये, त्याचं कारण लगेच येतंच आहे. दुसरं कारण फुरसं. हा छोटा, मातीच्या रंगाचा विषारी साप माळावर दगडांच्या आडोशाला असतो, तेव्हा बसण्याआधी जागा बघा आणि दगड उलथायला हात घालू नका. बघण्यासाठी दगड उलथवलाच, तर काठीने, आणि होता तसा परत ठेवा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं.

पुस्तकांत सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ पासून आजही कामाला येतं, आणि मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश जवळ असावा. फोनवर मर्लिन नावाचं ॲप आवाजावरून पक्षी सुचवतं. ते सुचवतं एवढंच. माळावर वारा असतो आणि चंडोलांच्या काही जाती इतर पक्ष्यांच्या आवाजाच्या नकला करतात, त्यामुळे ॲपने नाव सांगितलं तरी पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत प्रश्नचिन्हच टाकावं.

आधी गवत

सगळे पक्ष्यांपासून सुरुवात करतात. मी सांगेन, गवतापासून करा. माळावरचं सगळं गवतावर चालतं आणि गवत पळून जात नाही.

कुसळी हे सगळ्यात सोपं. नोव्हेंबरात ते पिकलं की त्याचं बी तुमच्या मोज्यांत घुसतं आणि तिथेच राहतं. ते चरफडत काढून फेकू नका, एक घरी आणा. भिंगाखाली बघा. टोकाला सुईसारखी धार, धारेवर मागे वळलेले बारीक केस, म्हणजे एकदा आत गेलं की मागे निघायचं नाही. वर करड्या-काळ्या रंगाची लांब शेपटी, दोरीला पीळ घालावा तशी पिळलेली आणि मध्येच गुडघ्यासारखी वाकलेली. आता ते बशीत ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. थोड्याच वेळात शेपटी सुटू लागते, गोल गोल फिरते. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. माळावर दिवसा ऊन आणि पहाटे दव, त्यामुळे हे बी रोज थोडं उलगडतं, थोडं पिळतं, आणि असं फिरत फिरत स्वतःलाच जमिनीत रोवून घेतं. नांगर नाही, बैल नाही, पेरणारा नाही. मुलांना माळाची गोडी लावायची तर लांडग्याआधी हे दाखवा.

मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी ही नावं गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. दूध कुठल्या गवतावर वाढतं, छपराला कुठलं चालतं, शेळी कशाला तोंड लावत नाही, हे ते सांगतील. गवताचा एक तुरा वहीत चिकटवा, खाली गावातलं नाव, तारीख आणि जागा लिहा. शास्त्रीय नाव नंतर कधीही शोधता येतं. गावातलं नाव सांगणारा माणूस मात्र पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

माळावर काय नको तेही शिका. गाजरगवत सगळ्यांना माहीत आहे. पन्नाशीच्या दशकात ते पुण्याजवळ पहिल्यांदा लक्षात आलं आणि पुढे देशभर गेलं. त्यासोबत घाणेरी आणि वेडी बाभूळ ओळखायला शिका. ज्या माळावर वेडी बाभूळ शिरली, तो माळ काही वर्षांत काटेरी रान होतो, आणि मग चिंकारा तिथे येत नाही.

बसून राहा

फिरणाऱ्याला माळ रिकामा दिसतो. एखाद्या बोराच्या सावलीला बसून अर्धा तास हललं नाही, तर तो भरायला लागतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला असं बसलात तर डोंबारी चंडोल दिसेलच. चिमणीएवढा पक्षी, नराचं पोट काळं आणि गाल पांढुरके. ढेकळावर बसलेला असताना त्याच्याकडे कुणी बघणार नाही. मग तो उठतो, पंख फडफडवत टप्प्याटप्प्याने वर चढतो, आणि बराच उंच गेल्यावर पंख मिटून दगडासारखा खाली पडतो. पडताना लांब शीळ घालतो. आता आपटणार असं वाटेपर्यंत येतो आणि जमिनीच्या हातभर वरून पुन्हा वर उसळतो. असं चार-पाच वेळा करून त्याच ढेकळावर येऊन बसतो. मादी जवळपासच असते, पण ती मातीच्या रंगाची, त्यामुळे पटकन दिसत नाही. तिचं घरटं ढेकळाच्या किंवा गवताच्या झुबक्याच्या आडोशाला, उकरलेल्या खड्ड्यात असतं. ते शोधायचं नाही. पक्षी तुमच्याभोवती ओरडत फिरत असेल, टिटवी पंख मोडल्यासारखं करून लंगडत दूर चालली असेल, तर समजा की अंडी किंवा पिल्लं पायाशी आहेत. आल्या वाटेने मागे फिरा. रखरखीत उन्हात पक्षीण दहा मिनिटं अंड्यांवरून उठली तरी अंडी भाजून निघतात. माळटिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. पखुर्डीचा नर याच्या पुढचा, तो पिसांत पाणी भरून मैलोनमैल उडतो आणि पिल्लांना पाजतो. सकाळी पाणवठ्यापासून थोडं दूर बसलात तर पखुर्ड्यांचे थवे उतरताना दिसतील. पाणवठ्याला खेटून बसू नका, तुम्ही तिथे असेपर्यंत त्या उतरणार नाहीत आणि त्या दिवशीची पिल्लं तहानलेली राहतील.

जनावरांत दोन जोड्यांची गल्लत नेहमी होते. कोल्हा आणि खोकड ही पहिली. खोकड लहान, अंगाने बारीक, कान मोठे आणि झुपकेदार शेपटीचं टोक काळं. माळावरचं खास जनावर ते, त्याच्या बिळाला एकापेक्षा जास्त तोंडं असतात. दुसरी जोडी काळवीट आणि चिंकारा. काळविटाचा मोठा नर काळा-पांढरा, शिंगांना पीळ, त्याला कुणी चुकत नाही. घोटाळा माद्यांत होतो. काळविटाची मादी बिनशिंगाची. चिंकाऱ्याच्या मादीला बहुधा छोटी, सरळ शिंगं असतात, आणि चिंकारा उभा असताना शेपटी सारखी हलवत असतो. काळवीट कळपाने राहतात. चिंकारा एकटा, नाहीतर दोघं-तिघं.

जनावर नाही दिसलं तरी खुणा दिसतात. एकाच जागी लेंड्यांचा ढीग असेल तर काळवीट किंवा चिंकारा त्या जागी पुन्हापुन्हा येतो. पांढरी, खडूसारखी विष्ठा तरसाची असू शकते, कारण ते हाडं चावून खातं. केसांनी भरलेली विष्ठा वाटेच्या मधोमध पडली असेल तर लांडगा किंवा कोल्हा. हात लावू नका, त्यात जंत असतात. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा आणि पुढे चला. लांडग्याचा आणि मोठ्या कुत्र्याचा ठसा वेगळा ओळखणं अनुभवी माणसालाही अवघड जातं. नवख्याने ठशावरून 'लांडगा' असं गावात जाहीर करू नये, त्याचे परिणाम लांडग्याला भोगावे लागतात.

मेंढपाळाला विचारा

माळाबद्दल सगळ्यात जास्त माहिती ज्याच्याकडे असते तो माणूस पुस्तक लिहीत नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे माळावर आणि मोकळ्या रानात उतरतात. खतासाठी शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतात. वाटेत भेटले तर राम राम घालून बसा, चहा देतील तो घ्या. आल्याआल्या "मामा, लांडगा कुठं दिसतो?" असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही, आणि मिळूही नये. आधी पाऊस कसा झाला, मेंढरं कशी आहेत, चारा कुठे मिळतोय हे विचारा. लांडग्याचा विषय त्यातून आपोआप निघतो.

लांडगा मेंढी नेतो. ते नुकसान खरं आहे आणि माळाच्या संरक्षणावर बोलणाऱ्या शहरी माणसाने ते आधी मान्य करावं. तरीही धनगरांनी पिढ्यान् पिढ्या लांडगा सोसला आहे. देशात आज लांडगे सुमारे तीन हजार उरलेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी, आणि त्यातले बरेचसे अभयारण्याबाहेर मेंढपाळांच्या शेजारी राहतात. वन्यप्राण्याने जनावर मारलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते. पण त्यासाठी लगेच कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो आणि मेलेलं जनावर तोपर्यंत हलवायचं नसतं. वाड्यावरच्या माणसाला हे कागद करायला वेळ नसतो. तुम्ही माळावर नेहमी जात असाल तर अर्ज लिहून देणं, फोटो काढून देणं, वनरक्षकाला फोन लावून देणं एवढं करा. लांडग्यासाठी याहून थेट उपयोगी काम मला माहीत नाही.

कुत्री हा दुसरा प्रश्न. गावाच्या कडेला टाकलेल्या कोंबड्यांच्या घाणीवर भटकी कुत्री वाढतात, टोळीने चिंकाऱ्यामागे लागतात, रोग पसरवतात. लांडग्याशी त्यांचा संकरही होतो. पुण्याजवळच्या एका प्राण्याच्या जनुकीय तपासणीतून हे स्पष्ट झालं आहे. पोल्ट्रीची घाण उघड्यावर टाकू नये म्हणून ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करणं हे कंटाळवाणं काम आहे. वन्यजीवरक्षणाची बहुतेक कामं अशीच कंटाळवाणी असतात.

आता झाडांचं

पावसाळा आला की शाळा, बँका, कंपन्या, मंडळं माळावर रोपं घेऊन येतात. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. एवढे खड्डे काढायचे तर मोकळी जमीन लागते, आणि मोकळी जमीन म्हणजे माळ. मग समतल चर खणले जातात, गवताची मुळं उपटली जातात, आणि त्यात लवकर वाढतात म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी लागते. हेतू चांगलाच असतो.

झाड आलं म्हणजे माळावर काय होतं ते बघा. सावलीत गवत मरतं. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला चारी बाजूंचं दिसावं लागतं, आता दिसत नाही. कावळ्याला बसायला जागा मिळते आणि तिथून त्याला खालची अंडी दिसतात. काळविटाचा सगळा भरवसा लांबून बघण्यावर आणि पळण्यावर असतो, तो निघून जातो. गवताने जमिनीखाली मुळांत साठवलेला कार्बन चर खणताना उघडा पडतो. हवामान सुधारायला म्हणून निघालो आणि हे करून आलो.

माळावर एक गोष्ट बदलली की काय काय हलतं, याचं नमुनेदार उदाहरण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आहे. तिथे पवनचक्क्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१८ साली दाखवून दिलं की पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी खूपच कमी येतात, आणि त्यामुळे निळ्या-केशरी गळ्याच्या सरड्यांची संख्या तिथे जास्त आहे. एवढंच नाही, ते सरडे कमी बिचकतात, माणसाला जवळ येऊ देतात. पवनचक्कीने सरड्याला काहीच केलं नाही, पण सरड्याचं वागणं बदललं. सरडे वाढले म्हणून कुणी खूश व्हावं का? माझं उत्तर नाही असं आहे, पण उन्हाळ्यात त्या पठारावर जाऊन नर सरड्याचा फुललेला गळा बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

तेव्हा तुमच्या संस्थेने झाडं लावायचं ठरवलं तर खड्डे खणण्याआधी हे विचारा. इथे पूर्वी जंगल होतं, की गवतच होतं? गावातल्या जाणत्यांना आणि महसुली कागदांना दोन्हीकडे विचारा. जवळ ओढा आहे का? असेल तर झाडं ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात, शाळेच्या आवारात लावा, आणि ती करंज, बोर, हिवर, कडुनिंब अशी इथलीच लावा. माळासाठीच काही करायचं असेल तर वेडी बाभूळ मुळासकट काढण्याचं श्रमदान करा, गावाशी बोलून माळाचा एखादा तुकडा वर्षभर चराईतून सोडवा, गवत बी झडल्यावरच कापा, मारवेल-पवन्याचं बी गोळा करून उघड्या पडलेल्या जागी टाका. उन्हाळ्याच्या तोंडाला लागणारे वणवे विझवायला गावातल्या तरुणांची टोळी उभी करा. नवीन गवत चांगलं येतं म्हणून आग लावायची पद्धत आहे. पण ती आग भोवत्यांच्या रातथाऱ्यात आणि चंडोलांच्या अंड्यांत शिरते. या कामांत रोप हातात धरून काढायचा फोटो मिळत नाही, ही एक अडचण आहे खरी.

माळढोकाने काय शिकवलं

नुसत्या कायद्याने माळ वाचत नाही. नान्नजचा माळढोक सत्तरच्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी लोकांसमोर आणला. १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावं, शेतं, रस्ते सगळंच त्यात आलं. जमीन विकायची, विहीर खणायची तर परवानगी लागू लागली, आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर माळढोक पिढ्यान् पिढ्या चरत होता, त्यालाच तो नकोसा झाला. पुढे क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी संपत आले होते. माळढोक वर्षाला एकच अंडं घालतो. अंगाने जड, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळतो. देशात आता दीडशेही उरलेले नाहीत आणि बहुतेक राजस्थानात, जिथे पिंजऱ्यात पैदास करून संख्या वाढवण्याची खटपट चालू आहे. याउलट अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांच्या वस्त्यांनी गवताची राखण हाती घेतली, आणि एकेकाळी तणमोर धरणारे हात आता त्याची नोंद ठेवतात.

नोंदी आणि तोंड बंद ठेवणं

बघितलेलं लिहून ठेवा. पक्ष्यांसाठी ई-बर्ड, बाकी सगळ्यासाठी आय-नॅचरलिस्ट. दोन्ही फुकट आहेत. तारीख, वेळ, संख्या आणि जागा एवढं पुरतं. संख्या अंदाजे चालेल, पण 'खूप' असं लिहू नका. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला, चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जयंत्यांच्या दरम्यान, राज्यात पक्षी सप्ताह असतो, आणि फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजले जातात. सुरुवातीला हे दोन मुहूर्त धरा.

घरटं, लांडग्याचं बीळ, तणमोराची जागा मात्र कुठेही टाकू नका. व्हॉट्सॲपच्या 'फक्त आपल्या' ग्रुपवरही नाही. फोटोत जीपीएसची नोंद असते, ती बंद ठेवा. वरच्या दोन्ही संकेतस्थळांवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा लपवलेली असते, पण फेसबुकवर ती कुणी लपवत नाही. पक्ष्याचा आवाज फोनवर वाजवून त्याला बोलावू नका. गाडी माळावरून नेऊ नका, चाकाखाली अंडी दिसत नाहीत.

गवतात एकटं पाडस सापडलं तर ते अनाथ नसतं. काळविटाची आणि चिंकाऱ्याची आई पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. उचललंत तर अनाथ तुम्हीच केलंत. फोटोही न काढता निघून जा. प्राणी खरंच जखमी असेल, विहिरीत पडला असेल किंवा कुणी फासे लावलेले दिसले, तर वनखात्याला १९२६ वर फोन करा. स्वतः वाघूर-फासा सोडवायला जाऊ नका, पुरावा जातो. लांडगा, काळवीट, चिंकारा, तणमोर आणि माळढोक हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, शिकार हा गंभीर गुन्हा आहे.

एक कागद बहुतेकांना माहीत नसतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या गावाची किंवा तुमच्या माळाच्या गावाची नोंदवही बघायला मागा. गायरानावर उद्या सौरऊर्जेचा प्रकल्प किंवा एमआयडीसी आली, तर ग्रामसभेत 'इथे काय होतं' याचा पुरावा म्हणून हीच वही पुढे करता येते. त्यात बऱ्याचदा चिमणी, कावळा, आंबा, चिंच एवढंच लिहिलेलं असतं. तुमच्या वहीतल्या नोंदी घेऊन समितीच्या बैठकीला जा, गवताचं पान आधी भरून घ्या, आणि मग लांडग्याचं.